एका जेवणाचं अंतर

आमच्या घरात अंतर जेवणांवर मोजतात. फरीदाबादहून सांगली म्हणजे रेल्वेने तीन जेवणं. पहिल्या रात्रीला पुरी-भाजी, पुढे दशम्या आणि लसणाची चटणी, शिवाय गाडी रखडली तर म्हणून चार दशम्या जास्तीच्या. यांची केंद्र सरकारची नोकरी दिल्लीत आणि सासर सांगलीत, त्यामुळे हे डबे मी उभा जन्म भरले. पुतण्याचं जावळ असो की गौरी-गणपती, दोन पोरं काखोटीला मारून मी जात होते. तेव्हा कुणी म्हणालं नाही, बाई गं, फार लांब पडतं.

मग लेकीला दिवस गेले. नवरा-बायको दोघंही नोकरीला बँकॉकमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमचा रिवाज. पण डॉक्टरने तिला विमानात बसायला साफ मनाई केली. मी म्हटलं, ठीक, मग माहेरच तिकडे जाईल.

झालं! घरात जणू मी चंद्रावर निघाले होते.

"आई, इतक्या दूर एकटी? बिल्कुल नाही," मुलगा म्हणाला. "तुझे गुडघे बघ यार."

सांगलीहून थोरल्या दिरांचा फोन आला. हे गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द आपलाच, असं ते धरून चालतात. त्यांनी तिकिटाचा फोटो मागवला आणि रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वजाबाकी केली.

"सकाळी नऊला सुटतं, अडीचला पोचतं. साडेपाच तास अधांतरी बसणार तुम्ही?"

"चारच तास, भाऊजी. तिथलं घड्याळ दीड तास पुढे आहे."

"तरी परका देश तो."

मला संताप आला. सासरकडे जाताना दीड दिवसाचा प्रवास जवळचा, आणि लेकीकडे जायचे चार तास लांब? हा कुठला हिशेब? मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. डबा भरल्याशिवाय घराबाहेर पडायचं मला जमत नाही.

विमानतळापर्यंत मुलगाच सोडायला आला. गाल फुगवून का होईना, पण आला. रस्ता इतका तुंबलेला की दोन तास गाडीतच गेले. "बघ," मी म्हटलं, "निम्मं बँकॉक तर इथेच संपलं." तेव्हा कुठे तो हसला.

विमानात त्यांनीच जेवण दिलं. पैसे भरलेले होते, मी कशाला सोडते? जेवले, जरा डोळा लागला आणि उतरायची घोषणा झाली.

बाहेर लेक उभी होती, कमरेवर हात ठेवून. पोट एवढं मोठं झालेलं बघून माझा जीव गलबलला.

"आई, खूप लांब पडलं ना गं?"

मी डबा तिच्या हातात ठेवला. "हा उघडायची वेळच आली नाही."

ती तिथेच बाकावर बसली आणि चटणी लावून दशमी खायला लागली. तेवढ्यात दिरांचा फोन.

"पोचलात? बरं झालं. पण शेवटी पोरीचं पहिलं बाळंतपण परक्या मुलखातच होणार."

"नाही भाऊजी," मी म्हटलं, "माहेरीच होणार. मी आलेय."