नणंदेच्या गावात हॉटेल

हैदराबादच्या बाहेर एक मोठं पार्क आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, आणि पैसे देऊन माणसाला पोटातलं सगळं बाहेर काढायला लावणाऱ्या गरगर फिरत्या खुर्च्या. माझ्या लेकीने सातवीची परीक्षा संपल्या संपल्या हट्ट धरला की उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं जायचंच. तसं पाहिलं तर सोपं काम. आम्ही घाटंजीचे. पांढरकवड्याला जाऊन हायवे धरला की थेट हैदराबाद, रस्ता चुकायची सोयच नाही. अडचण एकच होती. हैदराबादेत माझी थोरली नणंद राहते.

ही अडचण बाहेरच्या माणसाला समजणार नाही. आमच्याकडे सख्ख्या बहिणीच्या गावात जाऊन हॉटेलात उतरणं म्हणजे तिला तोंडावर सांगणं, की तुझं घर आमच्यासाठी मेलं. यापेक्षा मोठे गुन्हे करून माणसं लग्नकार्यात पहिल्या पंगतीला बसलेली मी पाहिली आहेत. पण हॉटेलचा विषय निघाला की कुणी विसरत नाही.

शिवाय नणंदेचं घर साधं घर नव्हतंच. लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हापासून उमरखेडपासून पांढरकवड्यापर्यंतचं आमचं अख्खं खानदान तिच्याकडे उतरत आलं. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या पोराची परीक्षा, आणि कुणाला नुसतंच चारमिनार पाहायचं असायचं. ती गाद्या काढायची, डबे भरायची. परत आलेला माणूस बसस्टँडवर उतरल्यापासून तिच्या हातच्या भरल्या वांग्याचं कौतुक सांगत सुटायचा, चारमिनाराचा नंबर त्यानंतर.

मी दोनदा गेले आहे. माणूस प्रेमळ, त्यात वाद नाही. पण तिचं घर शहराच्या एका टोकाला आणि ते पार्क दुसऱ्या टोकाला. जेवल्याशिवाय ती निघू देत नाही, आणि तिथं पोहोचेपर्यंत निम्मे पाळणे थकलेले असतात. दुसरं म्हणजे भावजय घरात आली की स्वैपाकघरात आपोआप दुसरा पोळपाट निघतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्षभर पहाटे उठून पोळ्या लाटून मी शाळा गाठते, आणि सुट्टीत पहाटे उठून पोळ्या लाटायला मला आंतरराज्य प्रवास करायचा नव्हता.

म्हणून नवऱ्याला मी स्पष्ट सांगितलं की मला हॉटेल पाहिजे, पार्कपासून पायी जाण्याइतकं जवळ.

"काहून?" तो म्हणाला. "ताईचं घर आहे ना."

"घर आहे. पण पाळणे नाहीत तिच्या घरी."

"लोक काय म्हणतीन?"

लोक काय म्हणतील हे मला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. भावाला कुणी काही म्हणत नाही. बायकोने फोडलं, असंच म्हणतात. त्याला भीती होती की ताई भाऊबीजेला येणार नाही, आणि मला भीती होती की ती का आली नाही याचं उत्तर मरेपर्यंत मलाच द्यावं लागेल. आमच्या घरात ती येते तेव्हाच हा माणूस मोकळेपणी हसतो, तेही खरं. म्हणजे पणाला लागलं होतं ते एवढं, आणि पलीकडच्या पारड्यात माझी पहाटेची झोप.

शेवटी झोप जिंकली. आम्ही एक बेत केला. गुपचूप हॉटेलात उतरायचं, पार्क पाहायचं, आणि परत निघताना ताईच्या घरी पिशव्या घेऊन असं जायचं की जणू आत्ताच घाटंजीहून येऊन राह्यलो. दोन सरळ माणसांनी केलेला बेत होता, त्यामुळे तो किती पक्का असेल याची कल्पना यावी.

मग हॉटेल शोधणं सुरू झालं. आमच्याकडे हॉटेल म्हणजे आलुबोंडा आणि चहा. रात्री झोपायचं असतं ते लॉज, आणि लॉजवर सहकुटुंब गेलो असं कुणी सांगत नाही. त्यामुळे लेकीने मोबाइलवर पहिले फोटो दाखवले तेव्हा नवरा बराच वेळ पलंगावरच्या पांढऱ्या चादरीकडे संशयाने पाहत होता. ते हॉटेल पार्काला अगदी खेटून होतं. लेकीने नकाशा मोठा करून पाहिला तर ते खेटलेलं होतं पार्काच्या मागच्या भिंतीला. दरवाजा पलीकडच्या बाजूला. भिंतीवरून उडी मारायची तयारी असली तर फारच सोयीचं.

दुसऱ्या हॉटेलच्या खाली लोकांचे अभिप्राय होते. एकाने लिहिलं होतं, जागा उत्तम, पण झोप लागली नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, झोप छान लागली, पण जागा चांगली नाही. हे दोघे एकाच खोलीत राहिले असावेत आणि घरी जाऊन भांडले असावेत. तिसरं हॉटेल मला आवडलं. पार्काच्या दरवाजासमोर, फक्त रस्ता ओलांडायचा.

पण नवऱ्याचं समाधान होईना. बैल, जावई आणि बोअरची जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवायची नाही असा आमच्याकडचा रिवाज, त्यात त्याने हॉटेल घातलं. "फोटोत तं आमचं वावरही हिरवं दिसते," तो म्हणाला. फोटोवर भरवसा नाही, कुणीतरी जाऊन पाहून आलं पाहिजे. आणि त्याने मला न विचारता पांढरकवड्याच्या त्याच्या दोस्ताला काम सांगितलं. दोस्ताचा ट्रक आहे, हैदराबादच्या खेपा सुरू असतात. माणूस गुणी. म्हणूनच तर आमच्या घरच्या तुरीची डाळ दर उन्हाळ्यात ताईच्या घरी तोच पोहोचवतो.

हे वाक्य वाचताना तुमच्या जे लक्षात आलं, ते माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं नाही.

खेप करून आल्यावर दोस्ताचा फोन आला. नवऱ्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"पाहून आलो हॉटेल. एकदम बेस. पायी जाता येते."

"पण किती लांब?" मी विचारलं.

"वहिनी, एक खर्रा तोंडात टाकला, तं तो संपायच्या आत गेटावर."

हा गृहस्थ सकाळी तंबाखू-सुपारीचा एक खर्रा तोंडात धरतो तो पांढरकवड्यापासून आदिलाबाद येईपर्यंत पुरवतो, हे मला ठाऊक होतं. मी त्याला आणखी काही विचारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "अन् डाळ ताईले पोचवली बरं. तुम्ही कोणत्या हॉटेलात उतरून राह्यले, तेबी सांगून आलो. म्हणजे त्यायले शोधा लागणार नाही."

फोन बंद झाला. मग नवरा उठला, टोपी घातली आणि वावरात गेला. मे महिन्याची दुपार होती आणि वावरात नांगरलेल्या ढेकळांशिवाय काही नव्हतं.

पुढचे दोन-तीन दिवस मी मनातल्या मनात उत्तरं तयार केली. पोरीला गाडी लागते. शाळेतल्या बाईंनीच बुकिंग केलं. तुम्हाला त्रास नको म्हणून. शेवटचं उत्तर खरं असायला पाहिजे होतं, पण म्हणताना तेच सगळ्यात खोटं वाटायचं. ताईचा फोन आला तो भावाला नाही, मलाच आला. नवरा समोरच होता. त्याने हातानेच विचारलं, रागावली काय, आणि उत्तराची वाट न पाहता माठातलं पाणी प्यायला उठला.

"काय वं," ती म्हणाली. "हॉटेल पाह्यलं म्हणे."

"हो ताई. म्हणजे तुमचं घर असून असं..."

"ते राहू दे. खोली कशी हाये ते सांग."

मी सांगितलं. मोठी आहे, गरम पाणी आहे.

"चादरी कोण बदलवते?"

"हॉटेलवाले."

"अन् सकाळचा नाश्ता?"

"तेच देतात ताई. खाली जाऊन बसायचं फक्त."

"ताटं?"

"तेच उचलतात."

तिचे प्रश्न संपले. आता सुरू होणार, असं समजून मी खुर्चीत नीट बसले.

"त्या खोलीत एक खाट वाढवून भेटते काय?"

"भेटते. पण कोणासाठी?"

"माह्यासाठी," ती म्हणाली. "ते पार्क मी पाह्यलंच नाही वं. माह्या घरून इतके लोक पाहून गेले. सकाळी डबे भरून देत होती, संध्याकाळी त्यायचे वल्ले कपडे वाळू घालत होती. तू बी चाल, असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं, तरी मंग स्वैपाक कोण करन?"

मला तिची माया आली, आणि आमच्या सगळ्या खानदानाचा संतापही आला. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "अन् भावजींच्या जेवणाचं?"

"डाळ आली हाये घरात. कुकर बी हाये."

मग तिने आवाज बारीक केला. पलीकडे कुणीतरी जवळपास असावं.

"खाट खिडकीजवळ टाकाले सांगजो. रस्त्यानं कोण येते, कोण जाते, ते पाहत पडून राहीन. अन् कोणीबी आलं, तं मले उठा लागणार नाही."