नजर चुकवण्याचं शास्त्र

माकडांमागे हिंडायचं तर पहिला धडा एकच: त्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही. रोखून बघितलं की त्यांच्या हिशेबी तुम्ही भांडण काढलंत. दुसरा, दात दाखवून हसायचं नाही. आणि टोळीतला दांडगा नर अंगावर आलाच, तर पळायचं नाही. बाजूला बघत एखादं पान तोडायचं आणि चघळत बसायचं, जणू आपणही इथे चरायलाच आलोय. कोकणातल्या जंगलात मी हे इतकं घोटलं की टोळी मला झाडाच्या खुंटाइतकी किंमत देऊ लागली. आमच्या धंद्यात याहून मोठा मान नाही.

मग प्रबंध लिहायला लालबागच्या चाळीत आईकडे आलो. वेळ बघा कशी साधली. चाळीत पुनर्विकासाच्या बैठका चालू होत्या, आणि संध्याकाळी ठरलेलं सकाळी बिल्डरच्या ऑफिसात पोचलेलं असायचं. कोणीतरी फुटलं होतं. अशात मी उगवलो. दिवसभर गॅलरीत बसून सगळ्यांकडे बघणारा आणि कोणी बघितलं की मान वळवणारा. वर गळ्यात दुर्बीण. ती गिरणीच्या धुरांड्यावरच्या घारींसाठी होती, पण हे मलाही कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

भोगलं आईने. शेजारच्या काकू आणि ती माझ्या जन्माआधीपासून दुपारी दारात बसून कोलंबी सोलायच्या. काकू आता ताट घेऊन आत बसायला लागल्या. आई नळावर गेली की बोलणं थांबायचं.

"माझ्याशी कोण बोलत नाय," आई एकदा म्हणाली. "तुझी माकडां तरी एकमेकांशी बोलतत काय रे?"

"बोलण्यापेक्षा एकमेकांच्या उवा काढतात."

"तां बरां."

ते ऐकून मला शास्त्रज्ञ व्हायची हुक्की आली. खरा फितूर शोधून काढला की आईचं दार पुन्हा भरेल. टोळीत कोण कोणाजवळ बसतो यावरून सगळं कळतं, तेच इथे लावलं. माझा संशय तळमजल्यावरच्या काकांवर जाऊन बसला. ते कमिटीचे सेक्रेटरी. रोज संध्याकाळी हातात कापडी पिशवी, आणि फाटकातून निघताना हमखास मागे वळून बघणं. एक दिवस मी योग्य अंतर राखून त्यांच्या मागे निघालो. कॉटन ग्रीनच्या गोदामांपाशी ते अचानक वळले.

"माझ्या मागे का येतोयस रे?"

भिंतीतून पिंपळाचं रोपटं उगवलं होतं. माझा हात आपोआप तिकडे गेला. बाजूला बघत मी एक पान तोडलं आणि चघळायला लागलो.

काकांनी आधी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अच्छा," एवढंच म्हणाले.

रविवारच्या बैठकीत ते उभे राहिले. "हाच बिल्डरचा माणूस. माझ्या मागे कॉटन ग्रीनपर्यंत आला, पकडला तर पाला खायला लागला. म्हणावं, माझ्या डोळ्यांत बघून बोल."

शेवटच्या खुर्चीवर आईने मान खाली घातली. मग मला बघावंच लागलं. अंगातली नस न् नस पळ म्हणत होती, तरी काकांच्या डोळ्यांत बघून मी माकडांचे तिन्ही धडे सांगितले. आणि ओघात, गरज नसताना, हेही सांगितलं की माझा संशय तुमच्यावर होता. "त्या पिशवीत काय असतं?"

काकांनी एकदा आपल्या बायकोकडे, काकींकडे बघितलं. "बहिणीचा डबा."

काकींचं नणंदेशी बोलणं बंद आहे हे चाळीला ठाऊक होतं. डब्याचं काकींनाही ठाऊक नव्हतं. काकांनी बाजूला बघत खिशातून बडीशेप काढली आणि चघळायला लागले. पुढची बैठक त्या दोघांचीच, त्यांच्या घरात झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकू ताट घेऊन बाहेर आल्या. "तुझा पोरगा येडा आहे गो, फितूर नाय," म्हणत आईला खेटून बसल्या. बिल्डरला बातम्या अजूनही पोचत होत्या, पण आईचं दार भरलं होतं.

काकू पाणी आणायला आत गेल्या, तशी आई माझ्याकडे वाकली.

"खरां सांग. तू नाय मां तो?"

मी नव्याने शिकल्याप्रमाणे सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "नाही."

"मगे डोळे कित्याक वटारतस?" ती म्हणाली, आणि सोललेल्या कोलंबीचं ताट तिने माझ्यापासून जरा पलीकडे सरकवलं.