न आलेल्या आजारासाठी

मंगळवारी सकाळी मुलुंडच्या घरी मी मेथी निवडत बसले होते आणि केतकीचा फोन आला. माझ्या मोठ्या भावाची, विनायकदादाची, ही एकुलती एक लेक. नुसतं "आत्या..." म्हणाली आणि थांबली. पुढचं तिला बोलावं लागू नये म्हणून मीच म्हटलं, "निघाले मी." दादा गेला होता. त्याला आता सहा आठवडे झाले. एकसष्ट वर्षांचा होता. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने त्याला जेमतेम अडीच महिने दिले. ज्या आजाराशी दोन हात करायच्या तयारीत त्याने शेवटची तीन वर्षं घालवली, तो मात्र आलाच नाही.

आमच्या आईला पार्किन्सन होता. हाताची थरथर सगळ्यांना दिसायची, पण तिचे खरे हाल व्हायचे ते स्वयंपाकघराच्या दारात. तिथे पाय जमिनीला खिळायचे. पाऊल टाकायचंय हे तिला कळायचं, पाय ऐकायचे नाहीत. दादा अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्याने पट्टीने मोजून त्या दारात लाल चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या, आईच्या एकेका पावलाच्या अंतरावर. "आई, फक्त रेघ ओलांड. बाकी काही बघू नकोस," म्हणायचा. आणि ती ओलांडायची... आई गेली. काही वर्षांनी मामालाही तेच निघालं, तेव्हा त्याचे डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येत असावं, ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांनी रक्त तपासून घ्या. दादाने तपासलं. त्याच्यात ते जनुक निघालं. मी गेलेच नाही. "जनुक आहे म्हणजे आजार होणारच असं नाही गं," असं वर तोच मला समजावत होता.

एका संशोधनासाठी अशीच माणसं हवी होती, जनुक असलेली पण अजून धडधाकट. मोबाइलवर एक अ‍ॅप आणि मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ. किती चालायचं, किती जोरात, हे फोन रोज सांगणार आणि हळूहळू वाढवत नेणार. व्यायामाने आजार लांबणीवर पडतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. खात्री कुणीच दिलेली नव्हती. भांडुप स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षाने येणारा माझा आळशी भाऊ संध्याकाळी सोसायटीच्या आवारात झपाझप फेऱ्या मारू लागला. फोन मध्येच बोलायचा, "वेग वाढवा." दादा त्या फोनलाच सुनवायचा, "थांब ना बाई, गुडघे माझे आहेत!" वॉचमन हसून बेजार.

मला मात्र ते बघवत नसे. एकदा गणपतीत आरती खोळंबवून हा फेऱ्या पूर्ण करायला खाली गेला. पाहुणे ताटकळले. मी त्याला जिन्यातच गाठलं. "आजार आलेला नाही आणि तू रोज त्याची पूजा करतोयस. वेड लागलंय तुला!" तो घामाने निथळत होता. म्हणाला, "शुभा, आईच्या वेळी रेघा मारल्या तेव्हा उशीर झाला होता. माझ्यात जे आहे ते केतकीतही असू शकतं ना? उद्या तिला सांगायचं झालं तर नुसतं 'आहे' असं कसं सांगू? त्यावर काय करायचं, तेही सांगता यायला हवं." तरी मी माफी मागितली नाही. उलट महिनाभर त्याला फोनसुद्धा केला नाही... तो महिना आता माझ्या मनाला फार लागतो.

कॅन्सर कळला तेव्हा इस्पितळातून त्याने पहिला फोन केला तो त्या संशोधनातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीला. मी शेजारीच बसले होते. "मॅडम, माझं नाव काढा आता. दुसरंच काहीतरी निघालंय." ती बहुधा रडायला लागली, कारण मग तोच तिची समजूत घालू लागला. आणि मग विचारलं, "माझी तीन वर्षांची माहिती टाकून तर नाही ना देणार? वापराल ना?" तिने हो म्हटलं असावं. त्याने फोन ठेवला, डोळे मिटले. "वाया नाही गेलं, शुभा." मी त्याचा हात हातात घेतला. हात अजिबात थरथरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी केतकीला जवळ बसवून त्याने सगळं सांगितलं. चोवीस वर्षांची पोर ती. म्हणाली, "तीन वर्षं मला 'पोट कमी करतोय' म्हणून सांगत होतात, बाबा?" "तेही झालंच ना कमी!" दोघं हसली, आणि हसता हसता रडली. "तपासायचं की नाही, कधी, ते तू ठरव," तो म्हणाला. "घाई नाही."

केतकीने अजून काही ठरवलेलं नाही. मी मात्र तेराव्यानंतर जाऊन तपासणीसाठी रक्त देऊन आले. परवा निकाल आला. माझ्यातही ते जनुक आहे. काल वहिनीला सांगायला भांडुपला गेले. तिने ऐकून घेतलं आणि मला दादाच्या खोलीत नेलं. पावसाळ्यात घरातच व्यायाम करता यावा म्हणून त्याने पलंग थेट खिडकीला लावला होता. पलंग आणि कपाटाच्या मध्ये एक माणूस हात पसरून उभा राहील एवढीच मोकळी फरशी. तो गेल्यावर शेजारणी पलंग पूर्वीच्या जागी सरकवायला आल्या होत्या, वहिनीने हात लावू दिला नाही. "येत जा इथे व्यायामाला," ती म्हणाली. "ही जागा रिकामी बघवत नाही मला." मी पदर खोचला आणि हात पसरून उभी राहिले. केतकी दारात येऊन थांबली... मग आत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. जागा एकाच माणसापुरती होती. आमचे हात एकमेकींना लागत होते.