जेवायचा हात

आमच्या तळेगावच्या शाळेत बेसबॉल आला तो खेळाच्या प्रेमापोटी नव्हे. तालुक्यात हा खेळ कुणी खेळत नव्हतं, त्यामुळे संघ उभा केला की थेट जिल्ह्याला जाता येई आणि शाळेचं नाव पेपरात येई. खेळाच्या सरांनी पुण्याहून हातमोजे आणले आणि उसाच्या कडेच्या मैदानावर आम्हाला उभं केलं. मी नववीत होतो. मला आऊटफिल्डला, म्हणजे पार मागे ठेवलं. उंच आलेला चेंडू झेलायचा आणि पळणारा गडी होमला, म्हणजे बॅटिंगच्या जागी परत पोचायच्या आत तो आत फेकायचा, एवढंच काम.

मला तेवढंही जमेना. सगळे मोजे डाव्या हातात घालायचे होते, फेकायला उजवा मोकळा. मी पक्का डावखुरा. दगड असो की विटी, फेकायची तर डाव्यानंच. उजव्यानं फेकलेला चेंडू मध्येच कुठंतरी पडायचा. सर मला शेवटी शेवटी उतरवत आणि मी चुकलो की मान हलवत.

एकदा धीर करून म्हणालो, "सर, मी डावखुरा हाय. उजव्या हातात घालायचा मोजा मिळंल का?"

"जेवतो कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"आन् लिवतो?"

"उजव्याच."

"मग कसला डावखुरा? जमत न्हाई म्हन, कारणं नको सांगू."

जेवताना डावा हात ताटाकडे गेला की आईचं लाटणं बसायचं, लिहिताना मास्तरांची पट्टी. आमच्याकडे डावखुरी पोरं अशीच उजवी होतात. सरांना हे ठाऊक नव्हतं असं मला आजही वाटत नाही. एका पोरासाठी पुन्हा पुण्याला कोण जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचा मला अजून राग येतो.

जिल्ह्याचे सामने दौंडला होते. सकाळी तिथल्याच एका शाळेशी गाठ पडली. मी बाहेर बसून डाव्या हातानं खडे भिरकावत होतो. त्यांचा एक गडी ते बघत होता, तोही डावखुरा. अखेरच्या डावात सरांनी मला उतरवलं तेव्हा त्याच्या संघाची बॅटिंग होती आणि त्याचा मोजा नुसता पडून होता. त्यानं तो माझ्याकडे टाकला. "घाल. आमची बॅटिंग हाय तवर."

मोजा उजव्या हातात चढला, डावा मोकळा झाला. उंच चेंडू आला. मी झेलला आणि सरळ आत फेकला. होमकडे पळालेला त्यांचा गडी बाद झाला आणि आम्ही जिंकलो. पोरांनी मला उचलून घेतलं. सर दुसऱ्या शाळेच्या सरांना सांगत होते, "पोरगं ढिलं हुतं. घासूनपुसून तयार केलं."

दुपारच्या सामन्याला त्यांनी मला पहिल्यापासून घेतलं. वर्षभर मी याचसाठी झुरत होतो. पण हरलेली पोरं घरी निघाली होती. मी सरांच्या मागे लागलो, "तेवढा मोजा संध्याकाळपर्यंत मागून घ्या ना."

"हरवलं त्यांना, आन् वर भीक मागू? सकाळी जमलं ना? मग आताबी जमंल."

पहिला चेंडू हातातून सुटला. दुसरा कसाबसा अडवला, पण उजव्या हातानं फेकलेला तो कुणाच्याच हाती लागला नाही. सरांनी खुणेनंच मला बाहेर बोलावलं आणि शेजारच्या माणसाला, मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, "सकाळी मटका लागला हुता त्याचा. कुणी अन्याय म्हनाया नको, म्हनून पुरती संधी दिली बघा."

माझ्या वडिलांनाही त्यांनी हेच सांगितलं. वडिलांना ते पटलं.