उरलेल्या रंगांचे घर

विघ्नहर्त्या गजाननाला, आमच्या कुलस्वामिनीला आणि तोरण्याच्या माथ्यावरून या खोऱ्याकडे पाहणाऱ्या मेंगाईला वंदन करून लिहावयास बसलो आहे. प्रसंग वियोगाचा आहे. माझी सहधर्मचारिणी द्वारका अहेवपणी निघून गेली, त्याला आता सात आठवडे होत आले. त्या दिवशी मी गुंजवण्यात एका वास्तुशांतीला गेलो होतो. नवे घर, नवी फरशी, आणि बैठकीत एक सोफा, ज्यावरचे प्लास्टिकसुद्धा अजून काढलेले नव्हते. एरवी अशा घरांतून मी देवापलीकडे काही पाहत नसे. परत आलो की द्वारका विचारी, “भिंतींना रंग कोणता होता? पडदे कसले होते? बसायला काय ठेवलंय?” मी म्हणे, “मी देव मांडायला गेलो होतो, पडदे बघायला नव्हे.” त्यावर ती म्हणायची, “बेचाळीस वर्षांत देव एकदाही चुकला नाही तुमचा, भिंती मात्र सगळ्या चुकल्या.” दोन वर्षांपासून ती अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून त्या दिवशी निघताना मी तिला शब्द दिला होता की आज सगळे पाहून येईन. आणि मी खरोखरच पाहिले. भिंती पिस्त्याच्या रंगाच्या होत्या. पडदे पांढरे, त्यांना निळसर किनार. हे मी संकल्प पाठ करावा तसे मनाशी घोकत असताना मोबाईल वाजला. शेजारच्या सखूबाई बोलत होत्या. “गुरुजी, लवकर या. काकू ओ देत न्हाईत...” मी पोहोचलो तेव्हा ऐकणारी निघून गेलेली होती. पिस्त्याचा रंग माझ्यापाशीच राहिला.

तिच्याविषयी लिहायचे तर आमच्या घराविषयी लिहावे लागेल, आणि घराविषयी लिहायचे तर माझ्या भिक्षुकीच्या वृत्तीविषयी. मी या परिसरातला पुरोहित. लग्न, मुंज, वास्तुशांत यांच्याबरोबर मृत्यूनंतरची कर्मेही मीच करीत आलो, कारण दुसरे कोणी नव्हते. तेराव्या दिवशी मृताच्या नावाने पुरोहिताला शय्या द्यावयाची असते. खाट, गादी, उशी, छत्री, पादत्राणे, पाण्याचा तांब्या. लोक श्रद्धेने देत. बहुधा गेलेल्या माणसाची वापरातलीच खाट देत, कारण त्यानेच ती त्याला पोहोचते अशी त्यांची समजूत. हे दान जड मानले आहे. घेणाऱ्याने गायत्रीचा जप करून त्याचा भार उतरवावा, असे आमच्या गुरूंनी शिकवले होते. मी तो जप कधी चुकवला नाही. जप संपला की माझ्या लेखी ती खाट शुद्ध होई आणि दोन खोल्या व पडवी एवढ्या आमच्या घरात येई. लग्नानंतर पहिल्याच वर्षी द्वारका मला म्हणाली होती, “जप तुम्ही करता. झोपते मी.” मला तेव्हा त्या बोलण्याची गंमत वाटली. चार ठिकाणी मी ते सांगितलेही.

दान नाकारले तर गेलेल्याच्या घरच्यांचा अपमान, आणि दान विकू नये हा माझा नेम. त्यामुळे आलेली वस्तू आमच्या घरातून बाहेर जात नसे. आम्हाला अपत्य झाले नाही, पण खाटा मात्र येत राहिल्या. एखादे माणूस इतके बांधले गेले तर कडवट होते. द्वारका मात्र पदर खोचून कामाला लागली. खाट आली की ती पडवीत आडवी घाली, फुटक्या काचेने जुने पॉलिश खरवडी, लोखंडी असेल तर पॉलिशपेपरने गंज घासून काढी. सैल नवार उसवून, धुऊन, पुन्हा ताणून विणी. गादीतला कापूस उन्हात पसरून हाताने मोकळा करी आणि जुन्या नऊवारीची खोळ शिवी. मग रंग. शाळेच्या खिडक्या रंगवून उरलेला निळा, कोणाच्या ट्रॅक्टरचा उरलेला तांबडा, देवळाच्या कठड्याचा उरलेला पिवळा... डबा तळाला लागला की लोक काकूंना आणून देत. त्यात टर्पेंटाइन घालून ती तो पुरवी. दोन खाटांच्या फळ्यांतून तिने भांड्यांची मांडणी केली. एकीच्या उशाकडचे कोरीव लाकूड दारावर तोरणासारखे ठोकले. दानातल्या छत्र्यांचे काळे कापड उसवून, जोडून तिने पडवीला मोठा पडदा शिवला, आणि आमच्याकडची चार महिन्यांची झड त्या पडद्याने बाहेर थोपवली. चुन्यात नीळ कालवून भिंती ती दर दसऱ्याआधी स्वतः सारवाव्यात तशा रंगवी. पाहुणे म्हणत, घर कसे चित्रासारखे आहे. मला अभिमान वाटे; तिच्या कष्टांचा नव्हे, माझ्या अपरिग्रहाचा, हे आज लिहून ठेवतो.

प्रत्येक खाटेच्या पायाला आतल्या बाजूने ती बारीक ब्रशने मूळ माणसाचे नाव लिहीत असे. मी कारण विचारले तर म्हणाली, “त्यांची झोप आहे ही. आपण पाहुणे.” आणि मी दुपारी आडवा झालो की हसून विचारी, “आज कुणाकडे मुक्काम?” एकदा तिने उरलेल्या फळ्यांतून माझ्यासाठी चौरंग केला, चारी पाय घासून गुळगुळीत केले, आणि पूजेच्या खोलीत नेऊन ठेवला. मी तो उचलून पडवीत ठेवला. मृताच्या शय्येचे लाकूड देवासमोर नको, असे म्हणालो. तिने पदराने त्यावरची धूळ पुसली. मग चौरंगाकडे पाहत म्हणाली, “देवाला नको आणि मला चालतं. बरं आहे देवाचं.” त्यानंतर त्या चौरंगावर तिची शेगडी राहिली.

तिने माझ्याकडे मागितले असे फार थोडे. एकच गोष्ट मात्र तिने तीनदा मागितली, आणि ती तीनही वेळा मला शब्दशः आठवते. “भोरच्या सुताराकडून एक खाट करून आणा ना. साधी. कुणी न झोपलेली.” पहिल्यांदा मी म्हणालो, “घरात सहा असताना सातवी कशाला?” दुसऱ्यांदा म्हणालो, “घरात नऊ असताना दहावी कशाला?” उत्तर बिनतोड होते. तिसऱ्यांदा तिने मागितली ती तिचे पाय गेल्यावर. तेव्हा ती मार्गासनीच्या ठकूबाईंच्या लोखंडी खाटेवर होती, कारण तीच उंचीला सोयीची होती. ती खाट देताना ठकूबाईंचा मुलगा मला म्हणाला होता, “आईची हाय गुरुजी. चार वरसं ह्याच्यावरनं उठली न्हाई.” द्वारकेने तेव्हा ती खाट निळी रंगवली होती. आता त्या निळ्या दांड्यांमध्ये ती स्वतः पडून होती. उजवीकडे भिंत, डावीकडे उभ्या करून ठेवलेल्या खाटा, आणि त्यांच्या नवारीतून दिसेल तेवढी खिडकी. तिसऱ्यांदा मी नाही म्हणालो नाही. म्हणालो, “पाऊस उघडला की जाऊ.” पाऊस दोनदा उघडला.

जाण्याच्या महिनाभर आधी, सखूबाई तिची कूस बदलून गेल्या होत्या, मी उशाशी बसलो होतो. ती म्हणाली, “एक ऐकाल? मी गेले की ही खाट तेराव्याला देऊ नका.” मी म्हटले, “असं अभद्र का बोलतेस? आणि जी वापरातली असते तीच देण्याची रीत...” तिने माझे बोलणे पुरे होऊ दिले नाही. “ज्याला द्याल त्याच्याही घरी एक बाई असेल,” ती म्हणाली. “रीत तुम्ही सांभाळा. त्या बाईचं मी बघते आहे.”

ती गेली आणि मी दोन बाजूंनी कोंडलो गेलो. आयुष्यभर लोकांना जे सांगितले ते स्वतःच्या घरी मोडायचे, की तिचा शब्द मोडायचा? दान घ्यायला येणार होता मार्गासनीचा प्रसाद, माझाच विद्यार्थी. त्याचे लग्न गेल्या वर्षी झालेले. त्याची पत्नी वैदेही मी पाहिलेली होती. सुतकाच्या त्या दिवसांत मी आमची जुनी पोथी काढून बसलो. एखादी पळवाट मिळते का, एवढ्याच हेतूने. शय्येचे वर्णन निघाले. शय्या भक्कम लाकडाची असावी, पाहणाऱ्याला सुंदर दिसावी, मऊ गादीची, उत्तम वस्त्राने आच्छादलेली, सुगंधित असावी, असे तिथे होते. वापरलेली असावी असे कुठेच नव्हते. ही अक्षरे मी शेकडो वेळा म्हटली होती. म्हणताना समोर कोणाची तरी गंजलेली खाट असे, आणि माझे संस्कृत शुद्ध असे. जे मी रीत म्हणून सांगत आलो ती लोकांची सोय होती, आणि माझी. लोकांना हे सांगितले असते, तर माझ्याच तोंडच्या शब्दांनी तिला तिची कुणी न झोपलेली खाट केव्हाच मिळू शकली असती. एवढे कळले, पण ते जिला सांगावे ती समोर नव्हती, आणि हात लांब केला तर ठकूबाईंच्या खाटेची दांडी हाताला लागत होती.

अकराव्याला सुतक फिटले. बाराव्या दिवशी पहिल्या एस.टी.ने निघालो, नसरापूरला गाडी बदलली आणि भोरच्या बाजारात सुताराच्या दुकानात शिरलो. एक खाट तयार होती, सागवानी, साधी. तो म्हणाला, “काका, मुलीच्या लग्नाची का?” मी म्हणालो, “नाही. आमच्या हिच्यासाठी.” त्याने विचारले, “रंग कोणता देऊ? का नुसतं पॉलिश? मावशींना कोणता आवडतो?” बेचाळीस वर्षे तिने रंगवले. निळा शाळेचा होता, तांबडा ट्रॅक्टरचा, पिवळा देवळाचा. उरेल तो रंग तिने लावला. तिचा आवडता रंग कोणता, हे मला ठाऊक नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते, आणि आता विचारता येत नव्हते... सुतार वाट पाहत होता. मी म्हणालो, “तशीच द्या.” टेम्पोतून खाट घरी आली. सखूबाई तिच्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “काकूंनी बगाया पायजे हुती, गुरुजी. लई गुळगुळीत हाय.” आमच्या घरात आलेली ती पहिली नवी खाट. ती एकच दिवस घरात राहिली, आणि तिच्यावर कोणी बसलेदेखील नाही.

दुसऱ्या दिवशी आयुष्यात प्रथम मी देणारा झालो. प्रसादच्या हातावर उदक सोडले. पोथीतले शय्येचे वर्णन म्हटले, या वेळी समोर पाहत. त्याने नमस्कार केला आणि खाट घेऊन गेला. ठकूबाईंची निळी खाट राहिली, तिच्यावर आता मी झोपतो. तिथे पडल्यावर काय दिसते ते मला प्रथमच दिसले. भिंत, उभ्या खाटा, नवारीच्या चौकटी, आणि एकेका चौकटीत बोटभर आकाश. उभ्या खाटा हलवायचे म्हणतो. पण घरात त्या न्यायच्या तरी कुठे? गेल्याच आठवड्यात वेल्ह्याच्या वरच्या वाडीतून आणखी एक आली. वृत्ती सुटलेली नाही. दारात आलेल्या रडणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? मी त्या खाटेचा जप केला. मग पॉलिशपेपर शोधला, द्वारकेच्या चौरंगाखालीच होता, आणि पडवीत बसून गंज घासू लागलो. ती किती जोर लावत असेल ते मनगटाला कळले. पहिल्या पायाचाही गंज माझ्याने पुरता निघाला नाही.

त्याच वेळी मोबाईल वाजला. प्रसादची वैदेही होती. संकोचाने म्हणाली, “काका, वैदेही बोलतेय. ते... खाटेला रंग दिला नाहीये. हे म्हणतात, दानाची आहे, आधी काकांना विचार. कोणता देऊ?”

मी पॉलिशपेपर खाली ठेवला. ती पलीकडून “हॅलो, काका?” म्हणाली.

मग मी विचारले, “बाळ, तुला कोणता आवडतो?”

ती हसली. कोणी असे विचारल्याची तिला सवय नसावी. “मला पिस्ता आवडतो, काका.”

“मग तोच दे,” मी म्हणालो. “दुकानातून नवा डबा आण. उरलेला वापरू नकोस.”

वाचकहो, तुमच्या घरी जुन्या वस्तू असोत, मागून आणलेल्या असोत, हातांनी नव्या केलेल्या असोत. त्या घासणाऱ्या, रंगवणाऱ्या हातांना यश येवो. तुमच्या उंबऱ्याआत कोणाचीही कूस दुसऱ्याच्या दुःखावर न वळो. आणि तुमच्या घरच्या लक्ष्मीला, ती ऐकण्यासारखी असेतो, तिच्या आवडीचा रंग विचारण्याची बुद्धी परमेश्वर तुम्हाला देवो. शुभं भवतु.