ताईच्या ताटातला भात

भूक कशी लागते आणि खाणं पुरे झालं हे मेंदूला कसं कळतं, यावर मी बरीच वर्षं टोरंटोतल्या एका प्रयोगशाळेत काम करते आहे. राहते टोरंटोजवळच्या मिल्टनला. दिवस बहुतेक उंदरांची वजनं करण्यात जातो. त्यांतल्या काहींच्या चरबीत लेप्टिन नावाचं हार्मोन जन्मापासून तयारच होत नाही. अंगात साठा पुरेसा आहे हा निरोप मेंदूला पोचत नाही, म्हणून ते खात राहतात आणि सुटतात. लेप्टिन टोचलं की खाणं कमी होतं. माणसांचं इतकं सोपं नसतं. बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नागपूरला शाळेत गणित शिकवायची. लहानपणापासून जाड. लग्नाच्या पंगतीत तिच्यापाशी आले की वाढणारे हात आखडता घ्यायचे आणि वर हसायचे. या विषयाकडे मी तिच्यामुळे वळले, असं मी अर्जांत लिहिलं, मुलाखतींत सांगितलं. तिला कधी सांगितलं नव्हतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ती महिनाभर आमच्याकडे राहायला आली. त्याच आठवड्यात लायब्ररीत माझं व्याख्यान होतं. "मी येते. इंग्रजी कळतं मला," ती म्हणाली. शेवटच्या रांगेत बसली, कारण तिथल्याच खुर्च्यांना हात नव्हते. भूक ही इच्छाशक्तीची परीक्षा नाही, जाड माणसाला दोष देणं म्हणजे दमेकऱ्याला नीट श्वास घे म्हणणं, असं मी बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनंही.

घरी नवऱ्यानं वरणभात करून ठेवला होता. ताईनं दुसऱ्यांदा भात घ्यायला हात पुढे केला आणि मी पातेलं उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं.

"शुगर आहे ना तुला. बास आता."

ठरवून केलं नव्हतं. हात आपोआप गेला.

ताईनं ताटातली शितं गोळा करून खाल्ली. मग शांतपणे विचारलं, "मघाशी बोललीस ते फक्त उंदरांबद्दल होतं का गं?"

माझी मुलगी म्हणाली, "मॉम, दॅट वॉज मीन."

"काळजीपोटी केलं गं," मी म्हणाले.

"सगळे काळजीपोटीच करतात," ताई म्हणाली आणि हात धुवायला उठली.

पुढचे तीन आठवडे ती छान राहिली. नायगारा पाहिला, माझ्या मुलीला अपूर्णांक शिकवले. माझ्यासमोर दुसऱ्यांदा मात्र काही वाढून घेतलं नाही. विमानतळावर माफी मागायची असं मी ठरवलं होतं. तिथे तिच्यासाठी सांगितलेली व्हीलचेअर लवकर आली आणि ती गेली.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढत होते तेव्हा भाच्याचा फोन आला.

"मावशी, आई गेली. झोपेतच."

"माझ्यासाठी थांबू नका," मी म्हणाले. फोन खिशात ठेवला, उरलेला बर्फ बाजूला केला आणि ट्रेन पकडली. त्या दिवशी सगळ्या उंदरांची वजनं केली. वहीतलं अक्षर नेहमीसारखंच आलं होतं.

तेव्हापासून मला भूक लागेनाशी झाली. डबा तसाच परत यायचा. रडूही येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळं अंग झालं होतं.

एकदा प्रयोगशाळेत हार्मोन मोजायचं नवीन किट तपासायला उपाशीपोटी घेतलेलं रक्त हवं होतं. मी म्हणाले, माझं घ्या, काल दुपारपासून काही खाल्लेलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी सहकारी आकडे घेऊन आली. भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन चांगलं चढलेलं होतं. किट नीट चालतंय म्हणून ती खूश होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "यू मस्ट हॅव बीन स्टार्व्हिंग."

मी हो म्हणाले. पोट आपलं काम करत होतं. मला कळत नव्हतं, इतकंच.

एप्रिलमध्ये नागपूरला गेले. भाच्यानं जेवायला वाढलं. म्हणाला, "आईनं तुझं व्याख्यान फोनवर रेकॉर्ड केलं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना बसवून ऐकवायची. माझी बहीण आहे म्हणायची."

"भाताबद्दल काही बोलली होती?"

"कसला भात?"

"काही नाही," मी म्हणाले. त्यानं पोळी वाढली, ती मी संपवली. रेकॉर्डिंग ऐकतेस का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणाले.

परत येऊन मी कामाला लागले. व्याख्यानाचं बोलावणं आलं की सहकारिणीचं नाव सुचवते. ती चांगलं बोलते. दुपारी साडेबाराला फोनवर अलार्म वाजतो, तेव्हा मी जेवते.