ऑन्को म्हणजे गाठ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. सावेडीत आमच्याकडे रतीब घालणारा गवळी मला दवाखान्यांच्या पाट्यांवरचे शब्द विचारायचा, कारण मी विज्ञानाचा शिक्षक होतो. अर्थ कळला की खूश होऊन मापावर थोडं दूध जास्त घालायचा.

एकदा म्हणाला, “गुरुजी, बायकोला डाक्टरनं धाडलंय तितल्या पाटीवर ऑन्कॉलॉजी, ऑन्कोसर्जन. दोन्हीत ऑन्को हाय. म्हंजी काय?”

“गाठ,” मी म्हणालो. कॅन्सर हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला.

“निस्ती गाठ व्हय! मंग घरीच लेप लावतो.”

ती वारल्यावर तो आला आणि चक्क माझ्या पाया पडला. “तुमच्यामुळं बिनघोर गेली, गुरुजी.”

मी हादरलो. माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “आज अर्धा लिटरच घाल.”